निम्मा दोष

“‘च’ला काना चा. पुढं?”

“ल.”

“मग?”

“क. चा… ल… क.” मी मान वर केली. “चालक.”

“बघा, जमलं की!” सूनबाई भांडी विसळता विसळता म्हणाली. “चालक म्हणजे ड्रायव्हर, बाबा.”

“ठाऊक आहे. तो मीच आहे.”

ती हसली. म्हातारा गंमत करतोय असं तिला वाटलं असावं. मी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं.

कागद कोर्टाच्या निकालाचा होता. बायकोच्या पत्र्याच्या पेटीत, शालीच्या घडीत सापडला. ती जाऊन वर्ष झालं होतं. ती होती तोवर मला अक्षरांची गरजच पडली नाही. विजेचं बिल ती वाचायची, औषधाची बाटली ती वाचायची, नातेवाइकांची पत्रं ती वाचायची आणि उत्तरंही तीच लिहायची. मला सही येत होती, पण ती गिरवून गिरवून पाठ केलेली. माझ्या लेखी ते एक चित्र होतं. ती गेली आणि महिन्याभरात मी खोकल्याचं औषध म्हणून गुडघ्याला चोळायचं तेल प्यालो. तेव्हा सूनबाईनं हात जोडले. “बाबा, एक तर तुम्ही शिका, नाहीतर मी बाटल्यांना कुलपं लावते.”

अशा रीतीनं अडुसष्टाव्या वर्षी मी मुळाक्षरांना बसलो. आधी दुकानांच्या पाट्या वाचल्या, मग वर्तमानपत्रातले मोठे मथळे, मग साबणाच्या वेष्टणावरचा मजकूर. घरातलं छापील संपलं तेव्हा पेटी उघडली. निकाल सात पानांचा होता. संध्याकाळी अर्धं पान, कधी पाव पान. बोट ओळीखालून सरकवत मी माझ्याच गोष्टीतून गोगलगाईसारखा चाललो होतो.

मी चाळीस वर्षं गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले. गॅरेजमध्ये इंजिनवाल्याला मान असतो, रंगवाल्याचं काम डोळ्यांत भरतं. ब्रेकवाल्याची आठवण कोणाला होत नाही, कारण ब्रेक नीट लागला तर काहीच घडत नाही. म्हणूनही असेल, मी माझ्यापुरती एक ऐट शोधून काढली होती. काम झालं की गाडी ट्रायलला न्यायची ती गॅरेजमागच्या उतारावर, आणि डॅशबोर्डवर ठेवायचा पाण्याचा स्टीलचा ग्लास, काठापासून एक बोट खाली भरलेला. उतार संपता संपता ब्रेक दाबायचा. थेंब सांडला तर गाडी परत कामाला. नाही सांडला तरच गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली. याचा बराच बोलबाला झाला होता. मला ‘ग्लासवाला’ म्हणत. गिऱ्हाईक यायचं आणि दारातूनच विचारायचं, “ग्लासवाला आहे ना? नसेल तर उद्या येतो.” मालक गल्ल्यावर बसून ते ऐकायचा आणि फुगायचा. मीही फुगायचो.

ग्लासकडे बघायचं तर रस्त्याकडे कोणी बघायचं, हे मला गॅरेजात कोणी विचारलं नाही. बायकोनं एकदा विचारलं होतं.

“रस्ता पाठ आहे माझा,” मी म्हटलं.

“रस्ता असेल हो पाठ. रस्त्यावरची माणसं कशी पाठ असतील?”

“तुला गाडीतलं काय कळतंय?” असं म्हणून मी विषय मिटवला.

पंधरा वर्षांपूर्वीची एक दुपार होती. एका गिऱ्हाइकाची पांढरी गाडी होती, पुढचे दोन्ही ब्रेक नवे बसवलेले. उताराच्या एका बाजूला बर्फाच्या कारखान्याची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला शिंप्यांच्या खोल्या. खाली एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. शिंप्यांसाठी काजं करणारी बाई. शर्टाला बटणासाठी जी भोकं असतात, त्यांना ती हातानं टाके घालून द्यायची. सायकलच्या मागे शर्टांचं गाठोडं होतं. ती रस्त्याच्या मध्यावर आली होती. तिनं गाडी येताना पाहिली, जागच्या जागी उभी राहिली आणि उजवा हात वर केला. थांबा, म्हणून.

मी पाणी बघत होतो. पाणी आरशासारखं होतं, जरासुद्धा हलत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. डोळे वर केले तेव्हा पहिल्यांदा दिसला तो हात.

ब्रेक उत्तम लागले. कामात खोट नव्हती. गाडी थांबली, पण जिथं थांबायला हवी होती त्याच्या हातभर पुढं. ग्लास काचेवर आपटला आणि सगळं पाणी माझ्या अंगावर आलं.

बाई जिवानिशी वाचली. धक्क्यानं पडताना तिचं उजवं मनगट मात्र बंपर आणि सायकल यांच्यामध्ये सापडलं होतं. हाडं जुळली, पण वाकडी जुळली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटेनात. काजं करणाऱ्या बाईचं पोट नेमकं त्या दोन बोटांच्या चिमटीत असतं.

तिला मीच त्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिला आत घेतल्यावर मी गाडीशी परत आलो, पायाशी पडलेला ग्लास उचलला आणि गटारात टाकला. हे काम मी इतक्या शांतपणे केलं की अजून मला त्याचं नवल वाटतं. तासाभरात बायको धावत आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शर्टाकडे.

“शर्ट कशानं भिजला?”

“घाम.”

“घाम आधी पाठीला येतो,” ती म्हणाली. “तुमची पाठ कोरडी आहे.”

घरी आल्यावर तिनं तो शर्ट माझ्या अंगातून काढून घेतला आणि दोरीवर वाळत घातला. त्यानंतर तिनं मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

बाईनं दावा लावला आणि टोलवाटोलवी सुरू झाली. गाडीचा मालक म्हणाला, गाडी गॅरेजात होती, मी घरी जेवत होतो, मी कशाला भरू? गॅरेजचा मालक म्हणाला, गाडीचा विमा आहे, कंपनी भरेल. कंपनी म्हणाली, विमा गाडीवाल्याचा आहे, मिस्त्रीचा नाही. चार वर्षं ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, भरायचं कोणी? आमच्या गॅरेजात त्याचा विनोदच होऊन बसला होता. चहाचा कप रिकामा झाला तरी कोणीतरी म्हणायचं, “भरायचं कोणी?” आणि सगळे हसायचे. मीही हसत असे.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी मालकानं मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“मिस्त्री, ग्लास होता का रे?”

मी तोंड उघडलं.

“नको, नको, सांगू नकोस,” तो घाईघाईनं म्हणाला. “मला ऐकायचंच नाही. पण एक समजून घे. उद्या तिथं तू ग्लासाचं नाव काढलंस, तर कंपनी हात वर करणार. म्हणणार, हा गाडी चालवत नव्हता, खेळ करत होता. मग भरायचं कोणी? मी भरायचं तर उद्या शटर खाली. तू भरायचं तर तुझ्याकडे आहे काय? चार पाने नि दोन पकडी. बाईच्या हाती काय पडेल?”

“काही नाही.”

“आता दुसरं बघ. बाई अचानक आडवी आली म्हणालास तर? तिचाही थोडा दोष धरतील, थोडं कापतील. पण कंपनी देईल. अरे, तुझ्या खोट्यानं तिचं पोट भरेल, आणि खऱ्यानं उपाशी मरेल ती. तूच सांग, पुण्य कशात आहे?”

मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं, त्यामुळे वेळ लागला नाही.

कोर्टात बाईची साक्ष माझ्या आधी झाली. ती म्हणाली, “मी हात केला होता साहेब.” कंपनीच्या वकिलानं विचारलं, “कसा हात केला होता? करून दाखवा.” तिनं उजवा हात वर केला. मनगट सरळ होईना आणि बोटं उघडेनात. मूठ अर्धवट मिटलेली, जणू काहीतरी धरून ठेवलंय. मागच्या बाकावरचं कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, “हा हात थांबा म्हणून केलाय असं चालकाला कसं कळणार?” बाई म्हणाली, “तेव्हा तो असा नव्हता.”

मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई अचानक आडवी आली.” तिच्याकडे न बघता म्हणालो. कोर्टातला पंखा बघत होतो. त्याची एक पाती वाकडी होती आणि तो फिरताना टक टक वाजत होता. खाली सही करायला सांगितली. मी माझं चित्र काढून दिलं.

निकालाची प्रत मालकानं मला आणून दिली आणि पाठीवर थाप मारली. मी ती घरी नेली, बायकोपुढे ठेवली. “वाच.”

ती जमिनीवर बसून वाचू लागली. दावा, तारखा, कोण काय म्हणालं. मध्ये एका ठिकाणी थांबली आणि ते वाक्य तिनं दोनदा वाचलं, “चालकाने साक्षीत सांगितले की अर्जदार बाई अचानक आडवी आली.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “असंच झालं होतं?”

“हो.”

“नक्की?”

“हो म्हटलं ना.”

पुढची पानं तिनं मनातल्या मनात वाचली. “बाईचा निम्मा दोष धरून भरपाई निम्मी दिलीय,” ती म्हणाली. “पुढं नुसत्या सह्या आहेत.” तिनं कागदाची घडी केली आणि पेटीत ठेवून दिली.

पुढची अकरा वर्षं मी मालकाच्या त्या वाक्यावर काढली. मनात कुठं टोचलं की मी ते वाक्य बाहेर काढायचो, खिशातली गोळी काढून जिभेवर ठेवावी तसं. माझ्या खोट्यानं तिचं पोट भरलं. निम्मं का होईना, मिळालं. माझ्यामुळे मिळालं. शेवटी शेवटी मला असंही वाटू लागलं होतं की बाईवर माझे थोडेफार उपकारच आहेत.

त्या काळात बायको रोज दुपारी दोन वाजता घराबाहेर पडायची आणि पाचाला परत यायची. मी गॅरेजात असायचो, त्यामुळे मला त्याची गंधवार्ता नव्हती. काम सोडून घरी बसलो तेव्हा लक्षात आलं.

“कुठं निघालीस?”

“कामाला.”

“कसलं काम? पैसे तर दिसत नाहीत कुठं.”

“हाताला काम. येता का?”

“बायकांच्या गप्पांत मी येऊन काय करू?”

“बघा बाई,” ती चपला घालत म्हणायची. “यावंसं वाटलं की सांगा.”

हे आमचं जवळजवळ रोजचं बोलणं. तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती, त्यावर बारीक काळे ठिपके होते. मी कधी विचारलं नाही. स्वयंपाकघरात बायकांच्या हाताला काही ना काही होतच असतं, असं मी धरून चाललो होतो.

आणि आता ती नव्हती, आणि मी सहाव्या पानावर आलो होतो.

सहाव्या पानाच्या मध्यावर पेन्सिलीची रेघ होती. सबंध निकालात तेवढीच. तीन ओळींखाली, हात न हलू देता मारलेली. मला त्या तीन ओळींना दोन संध्याकाळी लागल्या. जोडाक्षरं फार होती. दुसऱ्या संध्याकाळी अर्थ लागला तेव्हा वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. अजून मी ‘ष’ आणि ‘प’मध्ये गडबडायचो. मी सूनबाईला हाक मारली.

“एवढं वाच गं मला.”

तिनं ओला हात पुसला आणि एका दमात वाचलं, “चालकाचा पूर्ण निष्काळजीपणा सिद्ध झाला असता, तरीही वाहनाचा विमा चालू असल्याने संपूर्ण भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीचीच राहिली असती. तथापि, चालकाच्या साक्षीवरून अर्जदार बाईचा निम्मा दोष धरण्यात येत असून, भरपाईची निम्मी रक्कम वजा करण्यात येत आहे.”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. मग कागद खाली करून माझ्याकडे बघितलं. “बाबा, हा चालक म्हणजे…”

“म्हटलं होतं ना तुला,” मी म्हणालो. “मीच.”

कंपनीला भरावंच लागणार होतं. मी खरं बोललो असतो तर सगळं भरावं लागलं असतं. ना मालकाचं शटर खाली आलं असतं, ना माझे पाने-पकडी कोणी नेले असते. उरलेलं निम्मं कोणी भरलं, तर त्या बाईनं. माझ्या एका वाक्यावरून. आणि ही रेघ मारणारीला ते त्याच दिवशी कळलं होतं. “पुढं नुसत्या सह्या आहेत,” असं म्हणून तिनं ते माझ्यापासून झाकलं, की मी आपल्या तोंडानं काही बोलतो का ते बघितलं, याचा विचार करत मी जेवणाचं ताट तसंच पुढं घेऊन बसलो. सूनबाईनं ते उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी मी एका वकिलाकडे गेलो. तरुण होता. त्यानं निकाल चाळला, तारीख बघितली आणि ओठ बाहेर काढले.

“काका, अकरा वर्षं झाली. मुदत केव्हाच संपली. कंपनी आता दमडी देणार नाही.”

“पण मी खोटं बोललो होतो.”

“हळू बोला हो!” त्यानं बाहेर बसलेल्या अशिलांकडे बघितलं. “असं कोणी वकिलाच्या ऑफिसात ओरडतं का? हे बघा, आता तुम्ही खरं सांगितलंत, तर बाईला काही मिळणार नाही, तुम्हाला मात्र ताप होईल. ज्याचा उपयोग नाही ते खरं कशाला सांगायचं?”

“मग आता कोणी भरायचं?”

“ते कोर्टानं ठरवलंय,” तो म्हणाला आणि पुढच्याला आत बोलावलं.

मी घरी आलो. कामाच्या दिवसांतली शिल्लक एका पाकिटात घातली. निकालाची घडी वरच्या खिशात ठेवली आणि दुपारी शिंप्यांच्या खोल्यांकडे निघालो. तो उतार मी पंधरा वर्षं टाळत आलो होतो. पायी उतरलो तर तो केवढासा होता.

बाईची खोली शेवटची. दार उघडंच होतं. खिडकीशी एक टेबल, टेबलावर कापडाचे गठ्ठे, बटणांचे डबे, आणि टेबलाच्या अलीकडे दोन बुटकी स्टुलं समोरासमोर. एकावर ती बसली होती. डाव्या हातानं एका शर्टाचे कच्चे टाके उसवत होती. उजवा हात कापडावर वजनासारखा ठेवला होता.

“कोण ते? उजेडात उभे राहू नका.”

“मी. ब्रेकचा मिस्त्री.”

तिचा हात थांबला. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. केस पार पांढरे झाले होते तिचे. मी तयारी करून आलो होतो, वाटेत पाठ करत आलो होतो, पण तोंडातून निघालं ते उलटसुलट निघालं.

“बाई, तुम्ही आडव्या आला नव्हता. तुम्ही हात केला होता. मी पाणी बघत होतो. ग्लासातलं.”

“काठापासून एक बोट खाली भरलेला,” ती म्हणाली. “माहीत आहे.”

“कोणी सांगितलं?”

“ज्या माउलीनं तुमचा शर्ट वाळत घातला तिनं.”

तिनं बस म्हटलं नाही, मीही बसलो नाही.

“निकालानंतर आठवड्यानं आली ती,” बाई सांगू लागली. “तुम्ही उभे आहात ना, तिथंच उभी होती. म्हणाली, माझा नवरा कोर्टात खोटं बोललाय, तुम्ही वरच्या कोर्टात चला, मी सांगते. मी म्हटलं, तू काय डोळ्यांनी बघितलंस? ओला शर्ट? ओल्या शर्टावर कोर्ट चालत नाही बाई. आणि मला वर जायला पैसा कुठला होता? दवाखान्यालाच निम्मा गेला होता. मग माझं डोकं फिरलं. तासभर शिव्या घातल्या मी तुम्हाला. तुमच्या घराण्यातला एक सोडला नाही. ती ऐकत बसली. मी दमले तेव्हा म्हणाली, झालं असेल तर आता सुई कशी धरायची ते दाखवा.”

“तिनं… इथं…”

“त्याच स्टुलावर. दोन ते पाच. पहिले सहा महिने नुसती नासधूस. टाके असे घालायची, जणू उंदरानं कुरतडलंय. शिंपी माझ्या नावानं खडे फोडायचा. मी म्हणायचे, बाई, तुझी मदत नको पण उपद्रव आवर. हसायची. मग बसला हात. मी डाव्या हातानं काप द्यायचे, कापड धरायचे, ती टाके घालायची. आम्हा दोघींचे मिळून दोन हात झाले की हो. एक छदाम घेतला नाही तिनं. चहा घ्यायची तेवढा.”

“मला कधी बोलली नाही.”

“मी सांगून थकले ना! म्हणायचे, त्याला घेऊन ये एकदा, दोन शब्द बोलू दे, मलाही दोन शब्द बोलू दे. ती म्हणायची, आणून काय करायचंय? येतील आपणहून. रोज निघताना विचारते म्हणायची, येता का म्हणून.” बाईनं शर्टाचा एक धागा ओढून काढला आणि मांडीवर ठेवला. “गेल्या वर्षापर्यंत म्हणत होती. येतील म्हणून.”

मी खिशातून पाकीट काढलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं.

“हे काय?”

“राहिलेलं निम्मं. सगळं नाही. आहे तेवढं.”

ती पाकिटाकडे बघत राहिली. रागावेल असं वाटलं, पण रागावली नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“ते निम्मं तिनं फेडलं,” ती म्हणाली. “या खोलीत बसून, डोळे फोडून फेडलं. मिस्त्री, तुमचं देणं तसंच राहिलंय. पण ते या पाकिटात नाही. घ्या ते परत, सुनेला द्या.”

मी पाकीट उचललं. एवढं जड पाकीट मी आयुष्यात उचललं नव्हतं. मागं वळलो.

“निघालात कुठं?” ती म्हणाली. “चष्मा आणलाय का?”

“आणलाय.”

“मग थांबा.”

ती उठली आणि डब्यांच्या मागून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत निळ्या कापडाचा शर्ट होता. पुढच्या पट्टीवर पाच काजं, एकसारखी, बारीक, जणू छापलेली. सहाव्याला काप दिलेला होता. त्याच्या एका कडेला चार-पाच टाके होते, पुढं दोरा लोंबत होता आणि सुई कापडातच टोचलेली होती.

“वाजले पाच, म्हणाली. राहिलेलं उद्या. आणि उद्या काही आली नाही. शर्टाचे पैसे मी शिंप्याला भरून टाकले. म्हटलं, हा नाही द्यायचा.” तिनं शर्ट माझ्यासमोर धरला. “दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही मी. बसा.”

मी त्या स्टुलावर बसलो. लाकूड मधोमध गुळगुळीत झालं होतं. समोर बाई बसली, तिनं उजव्या हाताचं वजन कापडावर टाकलं आणि डाव्या हातानं पट्टी ताणून धरली. मी चष्मा लावला. ब्रेकचं काम करून करून माझी बोटं जाड झाली आहेत, नखांतला काळेपणा अजून गेलेला नाही. सुई चिमटीत यायलाच कितीतरी वेळ गेला. बाई पट्टी तशीच ताणून धरून बसली. इतक्या जवळून मी तिचा तो हात पहिल्यांदा बघत होतो.

मी टाका घातला. तो तिरका गेला.

“उसवा,” ती म्हणाली.

मी उसवला. परत घातला. तो फार लांब झाला.

“उसवा.”

बाहेर उतारावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मी मान वर केली नाही. पाच वाजेपर्यंत मी तो एकच टाका घालत होतो आणि उसवत होतो. कापड पार भुसभुशीत झालं. कडेचे ते चार-पाच टाके तेवढे तसेच होते. त्यांना मी सुई लागू दिली नाही.